हिवाळ्यातला रमजान

नफीसाने ओढणीचं एक टोक देवयानीच्या हातात दिलं आणि दुसरं टोक धरून ती रिकाम्या स्वयंपाकघरात मागे मागे जात भिंतीला टेकली. ओढणी ताणली गेली.

"बसतंय," ती म्हणाली. "फडताळ बसतंय इथे. वर हात फिरवायलाही जागा राहते."

"आपा, टेप आहे ना माझ्या गाडीत. आणू का?"

"टेपने मापलं की घर दुसऱ्याचं वाटतं. राहू दे."

देवयानी हसली. फडताळ अजून दुकानात होतं, घर अजून दुसऱ्याच्या नावावर होतं, आणि नफीसा मात्र कुठल्या फळीवर काय ठेवायचं इथपर्यंत पोचली होती. बाहेर एजंट फोनवर बोलत येरझाऱ्या घालत होता. मार्चचं ऊन पडलं होतं, पण वारा झोंबत होता. त्या वाऱ्यात देवयानीची सात वर्षांची अनिका मागच्या अंगणातल्या एका आडव्या खांबाला लोंबकळत होती.

"अनिका, उतर खाली. पडशील."

"आय वोन्ट, मॉम."

"लोंबकळू दे तिला," नफीसा म्हणाली. "तिथे झोपाळा टांगू आपण. तिच्यासाठीच."

हे टाउनहाउस स्टर्लिंगमध्ये होतं, जुनं आणि जरा अंधारं, पण नफीसाला ते पहिल्या भेटीतच आवडलं होतं. नफीसा आणि हनीफ परकार मूळचे दापोलीकडचे. हनीफ डलस विमानतळावर विमानांच्या दुरुस्तीचं काम करायचा. नफीसा अ‍ॅशबर्नच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये शाळेतून आलेली मुलं सांभाळायची, त्यात अनिकाही होती. इतकी वर्षं अमेरिकेत काढून दोघं भाड्यानेच राहत होते, ते काही परवडत नव्हतं म्हणून नव्हे. त्या काळात तिथल्या बँका रस्त्याने जाणाऱ्याला हाका मारून कर्ज देत होत्या. ओळखीपाळखीचे सगळे घरं घेऊन मोकळे झाले, देवयानी आणि तिचा नवरा सत्यजितसुद्धा. हनीफ आणि नफीसा मात्र व्याज द्यायला तयार नव्हते. दुसऱ्यांनी दिलं तर त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. देवयानीच्या वास्तुशांतीला नफीसाने सकाळपासून येऊन कांदे चिरले होते. पण आपल्या घराच्या भिंतीत व्याज नको, एवढं त्यांचं पक्कं होतं. म्हणून ते थांबले होते.

थांबण्याला आता फळ येईल असं वाटत होतं, कारण ‘सुकून’ होती. देवयानी याच कंपनीत डेटा अ‍ॅनालिस्ट होती. सुकून कर्ज देत नसे. कंपनी आणि कुटुंब मिळून घर विकत घेत. कुटुंब त्यात राही, कंपनीच्या वाट्याचं भाडं देई आणि वर्षावर्षाने तो वाटाही विकत घेत जाई. करारातला शब्दन्‌शब्द धर्माचे जाणकार तपासत. आधी अर्जाचं उत्तर यायला महिनेच्या महिने लागत. मग देवयानी आली, तिने हजारो कुटुंबांच्या खात्यांतल्या जमाखर्चाच्या नोंदी एकत्र करून अर्जदारांना गुण देणारं संगणकाचं एक मॉडेल बांधलं, आणि आठवड्याभरात उत्तर देणारी सेवा सुरू झाली. कंपनीच्या माहितीपुस्तिकेत या सेवेसाठी एक अख्खं पान होतं. ते पान देवयानीने आईला नाशिकला पाठवलं होतं.

परत येताना गाडीत नफीसाने विचारलं, "आमचा अर्ज तुझ्या मशीनकडेच जाणार ना?"

"हो. पण आपा, मशीन ओळख बघत नाही हं."

"नको बघू दे. आमच्यात बघण्यासारखं आहे काय? भाडं कधी चुकवलं नाही, कुणाचं देणं नाही." ती मागे वळून अनिकाला म्हणाली, "झोपाळा कुठल्या रंगाचा हवा गं?"

"पर्पल," अनिका म्हणाली.

सुकूनचा नकार एप्रिलमध्ये आला.

नफीसाने तो देवयानीला सांगितला तेव्हा ती आपल्या फ्लॅटच्या दारातच उभी होती आणि अनिका तिच्या मागे बुटांच्या नाड्या बांधत बसली होती. नफीसा रडली नव्हती. तिचा चेहरा कुणीतरी न विचारता ताटावरून उठवल्यासारखा झाला होता.

"तुमच्या ऑफिसरचा फोन आला होता हनीफला. तो म्हणाला की आमच्या खात्यात—"

"आपा, थांबा." देवयानीने हात वर केला. "ते मला सांगू नका, प्लीज. मी आतली माणूस. ओळखीच्या केसबद्दल मला बोलायची परवानगी नाही, फाइल उघडून बघायचीही नाही. आमच्याकडे तसा नियम आहे."

"अगं, मी काही कर म्हणत नाही. फक्त विचारते, की हे असं—"

"नियम सगळ्यांना सारखा असतो, म्हणूनच तर लोकांचा विश्वास बसतो ना."

देवयानीला वाईट वाटत होतं, खरंच वाटत होतं. पण त्या वाईट वाटण्याखाली थोडा अभिमानही होता, आपण मोहात पडलो नाही याचा. देवयानीचा स्वभाव नाकासमोर चालणाऱ्या माणसाचा. अशा माणसांचं एक असतं, नाकासमोर जे असेल तेवढंच त्यांना दिसतं.

"तुम्ही सध्या साधं कर्ज घ्या ना आपा," ती निघता निघता म्हणाली. "घर हातचं जाईल नाहीतर. नंतर दोन-तीन वर्षांनी आमच्याकडे बदलून घ्या. खूप जण करतात तसं."

"करत असतील," नफीसा म्हणाली आणि अनिकाच्या दप्तराचा पट्टा सरळ केला. "मग एवढी वर्षं थांबलो ते कशाला गं?"

स्टर्लिंगचं घर मे महिन्यात दुसऱ्या कुणीतरी घेतलं. देवयानी एकदा मुद्दाम त्या रस्त्याने गेली. घराला नवा रंग लागला होता आणि दारात दोन सायकली आडव्या पडल्या होत्या. तिने गाडी थांबवली नाही. संध्याकाळी नफीसाकडे गेल्यावर तिने घराचा विषय काढला नाही आणि नफीसानेही काढला नाही. अनिकाला न्यायचं, दोन शब्द हवापाण्याचे बोलायचे आणि निघायचं, असं त्यांचं सुरू झालं. पूर्वी देवयानी त्या दारात अर्धा-अर्धा तास रेंगाळायची.

सप्टेंबरात देवयानीकडे गौरी आल्या. नफीसा दर वर्षी गौरींना बघायला यायची, तशी आली. येईल की नाही याची देवयानीला धाकधूक होती, त्यामुळे दारात तिला पाहिल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. नफीसाने कॉम्प्लेक्सच्या कुंपणालगतची पिवळी फुलं वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती. गौरींच्या साड्यांच्या निऱ्या तिने निरखून पाहिल्या, एकीचा पदर जरा ओढून नीट केला आणि सोफ्याच्या कडेवर बसली.

"पाणीसुद्धा विचारता येत नाही तुम्हाला," देवयानी म्हणाली. "पुरणपोळ्या डब्यात भरून देते. इफ्तारला खा."

"दे. हनीफ वाटच बघत असेल. गेल्या वर्षीसुद्धा तुमचे गणपती आणि आमचे रोजे एकदमच आले होते, आठवतं? तेव्हाही तुझ्या पोळीवर रोजा सोडला होता त्याने."

"हो ना. गंमतच आहे. पूर्वी तुमचे रोजे दिवाळीच्या सुमाराला यायचे."

"पूर्वी. आता पुढच्या वर्षीही बहुतेक तुमच्या गणपतीतच. मग श्रावणात जातील, मग आषाढात. मग काही खरं नाही बाई. इथले उन्हाळ्यातले दिवस संपता संपत नाहीत. हनीफ उघड्यावर विमानाखाली काम करणार, घोटभर पाण्याशिवाय."

देवयानी डब्यात पोळ्या रचत होती. दोन पोळ्यांमध्ये केळीचं पान घालत ती सहज म्हणाली, "मग परत पुढे ढकलले जातील की. अधिक महिना आला की."

"आमच्यात कुठला अधिक महिना?" नफीसा हसली. "आमचा महिना आपला मागे मागेच चालतो. सगळं वर्ष फिरून येतो. आता परत थंडीत रोजे यायला मी म्हातारी व्हायची."

देवयानीचा हात डब्यावर तसाच राहिला.

"म्हणजे पुढे येतच नाही? कधीच?"

"नाही गं. काय झालं?"

"काही नाही," देवयानी म्हणाली आणि तिने झाकण लावलं. पान बाहेर अर्धं लटकत राहिलं होतं. ते नफीसानेच आत सरकवलं.

नफीसा गेल्यावर देवयानीने पाहुण्यांना हळदीकुंकू लावलं, वाढलं, आरतीच्या वेळी टाळ वाजवला. पण तिच्या डोक्यात तीन वर्षांपूर्वीचा एक दिवस फिरत होता.

तेव्हा ती कंपनीत नवी होती. जुन्या नोंदी चाळताना तिच्या लक्षात आलं, की वर्षातल्या ठराविक काळात बऱ्याच कुटुंबांच्या खात्यांतून एकदम मोठ्या रकमा जातात. बाहेरून आणलेलं तयार सॉफ्टवेअर अशा घरांना उधळे ठरवत होतं. देवयानीनेच बैठकीत उभं राहून सांगितलं होतं, की ही उधळपट्टी नाही, हा दानधर्म आहे; तो रमजानात होतो, आणि त्याबद्दल कुणाचे गुण कापता कामा नयेत. सगळ्यांना ते फार पटलं. मग तिने मॉडेलमध्ये ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ वेगळा काढला. त्या काळात दिलेलं दान कुणाच्या विरुद्ध धरलं जाणार नव्हतं. तिच्या हाताशी २००१ ते २००४ च्या नोंदी होत्या. त्यांतली पहिली तीन वर्षं तर रोजे आणि दिवाळी हातात हात घालून आले होते. रमजान दर वर्षी थोडा आधी येतो, हे तिला दिसत होतं. पण दिवाळीही दोन वर्षं आधी येते आणि तिसऱ्या वर्षी अधिक महिना लागून पुढे उडी मारते, हे तिने लहानपणापासून पाहिलं होतं. चांद्र महिना म्हटला की तो थोडा मागे जाणार, थोडा पुढे येणार आणि आपल्या ऋतूत राहणार, याबद्दल तिला शंकाच आली नाही. शंका आली असती तर तिने विचारलं असतं. गेल्या वर्षी रोजे गणपतीत आले तेव्हाही ते परत पुढे जातील असंच तिने धरलं, आणि मॉडेल पुन्हा उघडून पाहिलं नाही.

तिचे वरिष्ठ फैसल करीम मिशिगनमध्ये जन्मलेले. त्यांनी त्या वेळी फक्त एवढंच विचारलं होतं, "रमादान इज टेकन केअर ऑफ, राइट?"

"येस," देवयानी म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात जाऊन तिने मॉडेलमधला काळ त्या त्या वर्षीच्या रमजानाप्रमाणे बदलला आणि गेल्या दोन वर्षांतले सगळे अर्ज पुन्हा चालवले. दोन वर्षांपासून नकार वाढत होते. घरांचा बाजार बिघडतोय म्हणून असेल, असं सगळ्यांनी धरलं होतं, तिनेही. आता एकामागून एक कुटुंबं नकारातून होकारात गेली. शेकड्यांनी गेली. त्यांच्याकडून काही चूक झाली नव्हती. त्यांनी सप्टेंबरात दान दिलं होतं. जितकं जास्त दिलं होतं तितके त्यांचे गुण कमी झाले होते. यादी नावांच्या क्रमाने होती, आणि पी अक्षरापर्यंत आल्यावर देवयानीने स्क्रीनवरून नजर काढली. मग तिने पुन्हा बघितलं. परकार, हनीफ आणि नफीसा. त्यांचा अर्ज काठावर पास झाला नव्हता, चांगला वरच्या वर्गात गेला होता.

जागेवरून उठून ती नुसतीच कॉरिडॉरमध्ये चालत राहिली. आपण शहाणपण मिरवलं, आणि ज्यांच्यासाठी मिरवलं त्यांनाच खड्ड्यात घातलं, हे तिला स्वच्छ दिसत होतं. ऑफिसात चार टेबलं सोडून बसणाऱ्या कुणालाही तिने चहाच्या कपाएवढ्या वेळात विचारलं असतं तर काम झालं असतं. पण त्यांचे रोजे असायचे, त्या महिन्यात ती आपला डबा बंद खोलीत बसून खायची आणि त्यांच्याशी कमीच बोलायची. आदर म्हणून.

फैसलना सांगायला तिने आठवडा घेतला. आधी सगळं नीट तपासून घ्यावं, असं ती स्वतःला सांगत होती. तोवर न्यूयॉर्कहून बातम्या यायला लागल्या. मोठमोठ्या बँका कोसळत होत्या आणि सुकूनला पैसा पुरवणाऱ्यांनी हात आखडता घेतला होता. फैसलनी तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आय शुड हॅव लुक्ड," ते म्हणाले. "मी रोजे धरतो, आणि मीच बघितलं नाही."

मग त्यांनी सांगितलं, की कालपासून नवे अर्ज घेणं बंद झालंय, आणि पुन्हा कधी सुरू होईल ते कुणालाच ठाऊक नाही. मॉडेल दुरुस्त करून ठेव. नकार मिळालेल्या लोकांना काय आणि कसं कळवायचं ते वकील ठरवतील. तोपर्यंत बाहेर कुणाशी बोलू नकोस.

"कुणाशीच नाही?"

"नॉट येट."

देवयानीने मान डोलावली. मान डोलावणं तिला सोपं गेलं, आणि हीच गोष्ट तिला पुढे बरेच दिवस खुपत राहिली. ती रोज संध्याकाळी नफीसाच्या दारात जायची. आतून भज्यांचा वास यायचा, इफ्तारची गडबड असायची. नफीसा अनिकाच्या हातावर दोन खजूर ठेवायची आणि देवयानीकडे बघून म्हणायची, "दमलीस का गं? चेहरा उतरलाय."

"काम फार आहे," देवयानी म्हणायची.

एकदा तिने तोंड उघडलंही होतं. पण नफीसाच्या हातात भजी तळायचा झारा होता, मागे तेल तापलं होतं, आणि देवयानीने ते निमित्त पकडलं. घर तर गेलंच आहे, तिने विचार केला. आता सांगून तिला परत मिळणार थोडंच आहे? वकिलांचं होऊ दे. मग नीट बसून सांगू.

वकिलांचं काही होईना. ईदनंतरच्या शनिवारी मात्र देवयानीला राहवलं नाही. नफीसाने तिघांना जेवायला बोलावलं होतं. सत्यजितला काम निघालं म्हणून ती अनिकाला घेऊन एकटीच गेली. जाताना गाडीत तिने वाक्यं जुळवली होती. नोकरी गेली तर गेली, आज सांगायचं.

हनीफ कामावर होता. जेवण झाल्यावर अनिका आतल्या खोलीत टीव्ही लावून बसली. नफीसाने देवयानीपुढे शीरखुर्म्याची वाटी ठेवली आणि स्वतः समोर बसली.

"एक गंमत सांगते तुला," ती म्हणाली. "आमच्या गावच्या मोहल्ल्यात खाला आहे एक, मरियमखाला. नवरा समुद्रावर गेला तो परत आला नाही, मूलबाळ नाही. मच्छी सुकवून विकते. ईदला तिला फोन केला. तर तिथे टीव्हीवर सारखं दाखवतायत, अमेरिकेत बँका बुडाल्या. मला म्हणते, नफीसा, तुमचं बरं चाललंय ना? लाजू नकोस, तुला काही पाठवू का?"

"काय पाठवणार होती?"

"सोडे! सोडे आणि आमसुलं. म्हणते, विकून चार पैसे गाठीला लागलेत, तेही देते कुणाकडे तरी."

दोघी हसल्या. हसता हसता देवयानी म्हणाली, "पण तिला असं का वाटलं, की तुम्हीच अडचणीत आहात?"

नफीसाने टेबलावरचा एक शेवईचा तुकडा बोटाने टिपला.

"दर वर्षी रोजे लागायच्या आधी तिचं महिन्याचं सामान आमच्याकडून जातं. तिचं आणि मोहल्ल्यातल्या आणखी दहाबारा घरांचं. जकात वेगळी, ते दान धर्माप्रमाणे द्यावंच लागतं, ते दिलं. हे आमचं आपलं वरचं. या वर्षी पाठवलं नाही. म्हणजे पाठवणार, पण थोडं थोडं, दर महिन्याला. तुमच्या ऑफिसरने हनीफला सांगितलं होतं ना, सप्टेंबरात खात्याला एकदम भोक पडतं, ते वाईट दिसतं म्हणून. मग हनीफ म्हणाला, पुढच्या वेळी अर्ज करू तेव्हा असं दिसायला नको." ती थांबली. "खालाने चकार शब्द काढला नाही बघ सामानाचा. उलट मलाच विचारते."

देवयानीने चमचा खाली ठेवला. गाडीत जुळवलेलं एकही वाक्य तिला आठवेना.

"आपा, ते वाईट दिसत नव्हतं," ती म्हणाली. "ते माझ्यामुळे तसं दिसलं."

मग तिने सांगितलं. अधिक महिन्याचं सांगितलं, दिवाळीचं सांगितलं, परकार हे नाव यादीत कुठे गेलं तेही सांगितलं. नफीसा ऐकत होती. आतल्या खोलीतून कार्टूनचा आवाज येत होता. ऐकता ऐकता नफीसाचा चेहरा आधी मोकळा झाला. आपल्यात खोट नव्हती, हे तिला कळलं होतं, आणि ते तिच्या खांद्यांपर्यंत दिसलं.

"म्हणजे घर मिळालं असतं," ती म्हणाली.

"हो."

"जाऊ दे. घर नशिबात नव्हतं." तिने ओढणी डोक्यावर सारखी केली. "चूक कुणाकडूनही होते गं. तू काय मुद्दाम केलंस?"

देवयानीला रडू आवरेना. नफीसाने टेबलावरून हात लांब करून तिच्या मनगटावर ठेवला आणि थोपटलं, अनिकाला थोपटायची तसंच. काही वेळ तो हात तिथेच होता. मग थोपटणं थांबलं.

"तुला कधी कळलं हे?"

देवयानीने डोळे पुसले. खोटं बोलावं असं तिला एक क्षण वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच इतकं वाटलं.

"तुम्ही गौरींना आलात ना," ती म्हणाली, "तेव्हा."

नफीसाने हात काढून घेतला. झटकला नाही, नुसता घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला. ती खिडकीकडे बघत राहिली.

"तेव्हा तर रोजे नुकते लागले होते," ती म्हणाली.

"मला बोलायला मनाई होती, आपा. वकील... आणि मला वाटलं, घर तर गेलंच, आता सांगून..."

"हो. तुला घराचं वाटलं." नफीसाचा आवाज चढला नव्हता. "मला त्या दिवशी सांगितलं असतंस तर मी दुसऱ्या दिवशी खालाला पैसे पाठवले असते. तिचा सगळा महिना पुढे होता."

नफीसा उठली. तिने वाट्या उचलल्या, ओट्यावर नेऊन ठेवल्या, नळ सोडला आणि बंद केला. मग एक डबा काढून त्यात शीरखुर्मा भरला, झाकण दाबून बघितलं, खाली सांडलेलं पुसलं आणि तो डबा देवयानीच्या हातात दिला.

"सत्यजितना गरम करून दे. थंड चांगला लागत नाही."

"आपा..."

"अनिका, चल बेटा, बूट घाल," नफीसाने आत हाक मारली. अनिका आली आणि सवयीने तिच्या कमरेला मिठी मारून उभी राहिली. नफीसाने तिच्या केसांवरून हात फिरवला, निसटलेली क्लिप काढून पुन्हा लावली. ती देवयानीकडे न बघता बोलली, आणि आवाज रोजचाच होता.

"सोमवारपासून हिला न्यायला सत्यजित येतील का गं? थोडे दिवस."